अवघड गेम नेमका कोणासाठी अवघड?

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ या व्हिडिओ गेमची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली आणि गेम हातात पडला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी खरेदीची अशी झुंबड उडाली की स्टीमसकट अनेक ऑनलाइन दुकानं काही काळ बसली. पण आठवडा उलटायच्या आतच कौतुक मागे पडलं आणि खेळाडूंमध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं, की गेम विनाकारण क्रूर आहे. एका फटक्यात दोन-दोन मास्क (जीव मोजायचे घटक) जातात, बॉसकडून, म्हणजे वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूकडून, मेलं की त्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा तीच लांबलचक वाट तुडवावी लागते, आणि ‘हंटर्स मार्च’ या भागात तर विसाव्यासाठी ठेवलेला बाकसुद्धा सापळा निघतो. दुसऱ्या तटाचं उत्तर दोन शब्दांत संपतं: ‘गिट गुड’. जमत नाही तर शिक, नाहीतर चालता हो. २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’वरून, २०१९ मध्ये ‘सेकिरो’वरून आणि २०२४ मध्ये ‘एल्डन रिंग’च्या विस्तारावरून हाच वाद याच शब्दांत झाला होता. इतक्या वर्षांत तो एक पाऊलही पुढे सरकलेला नाही, कारण त्याचा प्रश्नच चुकीचा मांडला जातो.

‘इझी मोड हवा की नको’ हा तो चुकीचा प्रश्न. अवघडपणा हा एखाद्या गेमचा आशयच असू शकतो, आणि जिथे तसं आहे तिथे तो जपलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण ‘अवघड’ या एका शब्दाच्या पोत्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. गेम आपल्याला काय शिकायला लावतो, ही पहिली. ते किती वेगाने करून दाखवायला लावतो, ही दुसरी. आणि चुकलो तर किती दंड वसूल करतो, ही तिसरी. पहिली गोष्ट निर्मात्याची आहे, तिला कोणी हात लावू नये. दुसऱ्या दोन मात्र खेळणाऱ्याच्या हाती सोपवल्या तर कलाकृतीचं काहीही बिघडत नाही, उलट ती जास्त लोकांपर्यंत पूर्णपणे पोचते. या तिन्हींची गल्लत दोन्ही तट करतात.

आधी कडव्या खेळाडूंच्या बाजूचं जे खरं आहे ते नीट मान्य करू. ‘सेकिरो’मधला गेनिचिरो आशिना घ्या. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर त्याची गाठ पडते. तोवर बहुतेक खेळाडू दुसऱ्या गेममधून आणलेल्या सवयीने निभावून नेत असतात: दोन वार करायचे, मागे पळायचं, औषध प्यायचं, पुन्हा पुढे यायचं. गेनिचिरोपुढे हे चालत नाही. मागे हटलात की त्याचा डळमळलेला तोल सावरतो, वर तो लांबून बाण मारतो. पडद्यावर धोक्याचं लाल चिन्ह उमटतं, पण ते एकच चिन्ह दोन वेगळ्या वारांसाठी असतं. तो सरळ भोसकायला आला तर पुढे होऊन त्याची तलवार पायाखाली दाबायची, खालून फिरवायला आला तर उडी मारायची. हे त्याच्या खांद्याकडे आणि पात्याकडे बघूनच ओळखावं लागतं. घाबरून बटण बडवत राहिलात तर वार परतवण्याची मुभा आणखी आकसत जाते, म्हणजे घाबरण्याचीच शिक्षा मिळते. शेवटच्या टप्प्यात तो वीज फेकतो, आणि ती हवेत झेलून त्याच्यावरच उलटवता येते, हे कळेपर्यंत माणूस अनेकदा मरतो. हा बॉस हरतो तेव्हा खेळणारा जवळ थांबायला, पाहायला आणि न पळायला शिकलेला असतो. गेमला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने म्हणता आलं नसतं. या बॉसचा फटका निम्मा करून टाकला तर जुन्या पळपुट्या सवयीनेच तो पडेल आणि खेळाडू काहीही न ऐकता पुढे जाईल. ‘सेकिरो’ बनवणाऱ्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’चे हिदेताका मियाझाकी सोपी पातळी द्यायला नकार देतात तेव्हा त्यांना हीच भीती असते, आणि ती रास्त आहे.

सोपेपणा मागणाऱ्यांचा एक युक्तिवाद तर मला मुळीच पटत नाही: ‘मी चार-पाच हजार मोजलेत, मला शेवट बघण्याचा हक्क आहे.’ पैसे मोजून वस्तू मिळते, तिच्यावरचं प्रभुत्व मिळत नाही. हार्मोनियम विकत घेतली म्हणून राग यमन येत नाही, आणि दुर्बोध कवितेचा संग्रह विकत घेतला म्हणून कवीने तो सोपा करून द्यावा असं कोणी म्हणत नाही. ग्राहकाच्या हक्काची भाषा वापरली की गेम ही कलाकृती आहे हा दावा आपणच सोडून देतो. म्हणून ती भाषा टाकून द्यावी. तिच्याविनाही बाजू भक्कम आहे.

ती बाजू सुरू होते वेगापासून. दुर्बोध कविता वाचणाऱ्याकडे एक गोष्ट कायम असते: गती त्याची स्वतःची. एका ओळीवर तो तासभर थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, टीका शेजारी उघडून बसू शकतो, आणि इतकं करून कवितेचा एक शब्दही बदललेला नसतो. गेममध्ये गती यंत्राच्या ताब्यात असते. डोळ्याने वार ओळखला, मेंदूने उत्तर शोधलं, पण बोट पोचेपर्यंत क्षण गेला. अशा वेळी खेळाडू शिकण्यात कमी पडला की फक्त बोटांत? तबल्याच्या क्लासमध्ये नवा कायदा पहिल्या दिवशी कोणी चौगुनीत वाजवत नाही. ठाय लयीत बोल बसवतात, मग दुगुन. ठाय लयीत वाजवलेला कायदा हा खोटा कायदा असतो का? बोल तेच, निकास तोच, खाली-भरी तीच. गेनिचिरोचा सामना पंचाऐंशी टक्के वेगाने खेळणाऱ्यालाही लाल चिन्ह वाचावंच लागतं, जवळ थांबावंच लागतं, वीज उलटवावीच लागते. पहिली गोष्ट, म्हणजे शिकण्याची, जशीच्या तशी राहिली. उतरला तो फक्त वेग.

आणि तरीही एप्रिल २०१९ मध्ये काय झालं ते आठवा. एका नावाजलेल्या गेमिंग मासिकाच्या लेखकाने उघडपणे लिहिलं की ‘सेकिरो’चा शेवटचा बॉस त्याने वेग कमी करणारा मॉड (खेळाडूंनी बनवलेला जोड-प्रोग्राम) वापरून हरवला आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. त्यावर जो गदारोळ उठला, त्यातलं एक संतप्त उत्तर पुढे जगभर मीम म्हणून फिरलं. त्याचा मथितार्थ असा, की तू गेमलाच नव्हे तर स्वतःलाही फसवलंस. लोक त्यावर हसले, पण तो विचार आजही जिवंत आहे. एका माणसाने आपल्या घरी, आपल्या संगणकावर, एकट्याने खेळण्याच्या गेमचा वेग उतरवला, यात फसवणूक झाली कोणाची?

आता दंडाकडे येऊ. गेममधला दंड हा जणू अनादि काळापासूनचा धर्म आहे अशा थाटात लोक बोलतात. त्याचा इतिहास मात्र बराच व्यावहारिक आहे. आर्केडच्या काळात खेळाडू लवकर हरला तरच पुढचं नाणं पडायचं. मशीनच्या आत बारीक बटणांची एक पट्टी असायची, तिच्यावरून किती लाइफ द्यायच्या आणि गेम किती कठीण ठेवायचा हे दुकानदार ठरवायचा. म्हणजे ज्या काळाची आठवण ‘खऱ्या’ गेमिंगचा काळ म्हणून काढली जाते, त्या काळात अवघडपणाचा खटका गल्ला मोजणाऱ्याच्या हातात होता. घरगुती कन्सोल आले तेव्हा कारण बदललं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा मिळून ४० किलोबाइटचा. एवढ्याशा जागेतला खेळ महिनोन्महिने पुरवायचा तर माणसाला पुनःपुन्हा सुरुवातीला ढकलणं हाच मार्ग होता. त्याचा १९८६ चा जपानी पुढचा भाग तर इतका निर्दय होता की निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने तो आणलाच नाही. तिथल्या खेळाडूंना तो १९९३ मध्ये एका संचातून मिळाला.

आणि कोनामी कोड? १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणीसाठी आपलाच गेम पार करता येईना. म्हणून त्यांनी वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे-बी-ए अशा क्रमाने बटणं दाबली की सगळी शस्त्रं मिळावीत अशी सोय करून ठेवली, आणि ती अंतिम आवृत्तीत तशीच राहिली. पुढे ‘कॉन्ट्रा’त त्याच कोडने तीस लाइफ मिळायच्या. नव्वदीत महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीला जोडलेल्या स्वस्त गेमवर, ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमधून, आपल्यातल्या किती जणांनी ‘कॉन्ट्रा’ पुरा केला तो तीन लाइफमध्ये? आज तीच पिढी पंचेचाळिशीकडे झुकली आहे आणि नव्या पोरांना ‘आमच्या वेळी गेम अवघड असायचे’ असं ऐकवते. तीस लाइफ घेऊन मिळालेला आनंद खरा होता. तो खरा होता म्हणूनच ती पिढी आजही खेळते आहे.

दंड कमी केला की कस संपतो, हा दावा क्रिकेटनेही ऐकून झालेला आहे. मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाऊनला बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. शस्त्रक्रिया करून त्यांचा जीव वाचला, पण ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वय होतं अवघं अठ्ठावीस. सोळा वर्षांनी, मार्च १९७८ मध्ये, त्याच ब्रिजटाऊनमध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप हेल्मेट घालून कसोटीत उतरणारा पहिला फलंदाज ठरला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मर्दाचा खेळ आता मर्दाचा राहिला नाही, हीच ती भावना. हेल्मेटने चेंडूचा वेग एका मैलानेही कमी केला नाही. कमी झाली ती चुकीची किंमत. हेल्मेटमुळे आखूड चेंडूवरची नजर आणि तंत्र ढिलं पडलं, असं काही जुने जाणकार म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण म्हणून कोणी हेल्मेट काढा म्हणत नाही. विव्हियन रिचर्ड्स शेवटपर्यंत टोपी घालूनच खेळले. शेजारचा हेल्मेट घालून खेळत होता म्हणून त्यांच्या धावा कधी हलक्या ठरल्या का?

‘निर्मात्याचा हेतू’ हा या वादातला सर्वांत वजनदार शब्द. त्याचा आदर करावा, हे मी वर मान्य केलंच आहे. पण तो उच्चारणारे तरी त्याला किती मानतात? ‘एल्डन रिंग’मध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरने स्वतःच मदतीला हाक मारायचे आत्मे ठेवले. त्यातला ‘मिमिक टिअर’ तर खेळाडूची हुबेहूब प्रतिकृती होऊन शेजारी लढतो. जादू ठेवली, दुसऱ्या खेळाडूंना बोलवायची सोय ठेवली, अडकलात तर दुसरीकडे भटकून ताकद वाढवून या म्हणून एवढं मोठं जग मोकळं ठेवलं. हे सगळं निर्मात्याच्या हेतूतलंच. तरी ‘मिमिक’ वापरून बॉस मारला असं सांगा, आणि बघा किती जण म्हणतात, ‘मग तू जिंकलाच नाहीस’. इथे राखण कोणाच्या हेतूची चालली आहे? उलट निर्माते स्वतः फार लवचीक असतात. ‘एल्डन रिंग’चा विस्तार आला, तक्रारी झाल्या आणि काही दिवसांतच पॅच, म्हणजे दुरुस्तीची नवी आवृत्ती, काढून त्यातल्या सुरुवातीच्या बळवाढीचा परिणाम वाढवला गेला. ‘सिल्कसाँग’च्या पहिल्याच पॅचमध्ये त्याच्या निर्मात्यांनी, टीम चेरीने, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर या सुरुवातीच्या दोन बॉसना थोडं सौम्य केलं. पॅचच्या आदल्या दिवशी जो अवघडपणा पवित्र होता तो दुसऱ्या दिवशी निर्मात्यांनीच उतरवला, आणि कलाकृती आहे तशी उभी आहे. ‘मी सोसलं, आता तूही सोस’ हा सासुरवासाचा न्याय आहे. त्याला कलेचं नाव देऊ नये.

याहून प्रामाणिक आक्षेप आहे तो समान अनुभवाचा. सगळ्यांनी त्याच भिंतीवर डोकं आपटलं, म्हणून त्या भिंतीबद्दल एकमेकांशी बोलता येतं. मियाझाकींचंही साधारण हेच म्हणणं राहिलं आहे, आणि त्या गप्पांतली जवळीक मला फार मोलाची वाटते. पण भिंत सगळ्यांना सारखी होती हे खरं आहे का? सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या यंत्रावर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं, ३० दाखवणाऱ्यावर ३३. नाशिक किंवा सोलापुरात जुन्या लॅपटॉपवर सेटिंग्ज तळाला नेऊन, कसाबसा पंचवीस-तीसवर गेम चालवणाऱ्या मुलाला शत्रूची हालचाल मुळात उशिरा दिसते. त्यात स्वस्त वायरलेस कंट्रोलरचा उशीर, आणि ‘गेम मोड’ नसलेल्या टीव्हीचा आणखी. त्याच्या वाट्याला आलेला गेनिचिरो आणि महागड्या ग्राफिक्स कार्डवर खेळणाऱ्याच्या वाट्याला आलेला गेनिचिरो एक नाहीत. वेळेचंही तसंच. सुट्टीत रोज सहा तास बसणारा कॉलेजचा विद्यार्थी आणि शिफ्ट संपवून, मूल झोपल्यावर तासभर मिळणारी आई, दोघांनाही बॉसपर्यंतची वाट पुन्हा तुडवायला लावली तर दंड सारखा झाला का? विद्यार्थ्याचा गेला रात्रीचा एक तुकडा, तिची गेली अख्खी रात्र. समान अनुभव हवाच असेल, तर तो साधण्यासाठी वेग आणि दंड हे दोन खटके लागतील.

मोहाचा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. मेनूत सोपा पर्याय आहे हे माहीत असलं की माणूस अडल्यावर तिकडे वळतोच, आणि आणखी थोडं टिकलो असतो तर जे गवसलं असतं ते कायमचं हुकतं. माझाही हात अडल्यावर त्या मेनूकडे जातो. पण या आक्षेपाला उत्तर देणारे गेम आधीच बनलेले आहेत. ‘हेडिस’च्या ‘गॉड मोड’मध्ये सुरुवातीला फटक्यांपासून २० टक्के संरक्षण मिळतं आणि प्रत्येक मरणागणिक २ टक्क्यांनी वाढत ८० वर थांबतं. म्हणजे मदत आयती मिळत नाही, हरून कमवावी लागते, आणि पाच वेळा हरलेल्याला पन्नास वेळा हरलेल्याइतकी मिळत नाही. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ने तर वेग, दम, हवेतल्या झेपा आणि अभेद्यता असे सगळे खटके वेगळे ठेवले. ते उघडताना आधी सांगितलं जातं की हा गेम आव्हानात्मक असावा असाच घडवला आहे, पण प्रत्येकाची गरज वेगळी असते. हेतू सांगितला, निर्णय खेळणाऱ्यावर सोडला. मोठ्या माणसाशी असंच बोलायचं असतं. आणि ‘सेलेस्ट’ त्यामुळे मवाळ ठरला का? त्यातल्या ‘बी-साइड’ आणि ‘सी-साइड’ पातळ्या आजही भल्याभल्यांचा घाम काढतात.

इथे सोपेपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक दाखवली पाहिजे. ते अवघडपणा आणि अपंगत्वाचा प्रश्न एकाच श्वासात बोलतात. अपंग खेळाडूला सोपा गेम हवा असतो, हे परस्पर ठरवणं हा त्याचा अपमान आहे. त्याला बहुधा त्याच गेममध्ये शिरायला दार हवं असतं: बटणांची जागा बदलता यावी, धरून ठेवायचं बटण एकदाच दाबून चालावं, अक्षरं मोठी करता यावीत, रंगाऐवजी आवाजाने इशारा मिळावा. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये २०२० साली अशा साठाहून जास्त सोयी होत्या आणि पूर्ण दृष्टिहीन खेळाडूंनी तो केवळ आवाजाच्या आधाराने पुरा केला. ही सोय प्रत्येक गेममध्ये असलीच पाहिजे, अवघडपणाबद्दल निर्मात्याचं मत काहीही असो. तिला ‘इझी मोड’च्या भांडणात ओढलं की दोन्ही प्रश्न अडकून पडतात.

उरतो तो मानाचा प्रश्न. अवघड वाटेने गेलेल्याला त्याचं श्रेय मिळालंच पाहिजे, यात वाद नाही. गिर्यारोहणाने हे कधीच सोडवलं आहे. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर पोचले. आजही नोंदीत नावापुढे लिहिलं जातं, प्राणवायूसह की त्याविना. ज्यांनी सिलिंडर वापरले त्यांना शिखरावरून कोणी खाली उतरवत नाही, आणि मेसनर यांचा पराक्रम त्यांच्यामुळे एक इंचही खाली येत नाही. गेममध्ये अशी नोंद ठेवणं तर आणखी सोपं आहे. पण नोंद ठेवणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. १९९२ च्या ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’त सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी दिसायची. २०१७ च्या ‘कपहेड’मध्ये ‘सिंपल’ पातळीवर बॉस हरवूनही शेवटच्या लढतीचं दार उघडत नाही. टोपड्यापेक्षाही मला हे बंद दार जास्त खटकतं, कारण दिलेली मदत इथे अर्ध्या वाटेत काढून घेतली जाते.

छोट्या स्टुडिओंना हे परवडणार नाही, असं म्हणतात. प्रत्येक बॉसच्या तीन-तीन आवृत्त्या तोलून बसवायच्या तर नाहीच परवडणार, म्हणूनच मी तसे मोड मागत नाही. ‘सेलेस्ट’ मूठभर माणसांनी बनवला आणि त्यात वेगाचा खटका आहे. ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्सने जगापुढे नेला, आणि त्यानंतर इथे गेम बनवू पाहणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की शत्रूच्या हालचाली आणि वार परतवण्याची वेळ फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या, संख्येला बांधू नका, सेकंदांना बांधा. कोड त्या पद्धतीने लिहिला तर वेग कमी-जास्त करणं हा एक आकडा बदलण्याचा प्रश्न उरतो. तसा लिहिला नाही, तर गेम विकायला आल्यावर, तक्रारींचा पाऊस पडत असताना, अख्खी लढाई उकलून पुन्हा विणावी लागते. म्हणून हे पहिल्या बॉसचं पहिलं रेखाटन होतं त्या आठवड्यातच ठरवून टाका.